सुताच्या खोलीतला सूर्य

१

ग्रहण म्हणजे सूर्याच्या आणि आपल्या मध्ये चंद्र येऊन उभा राहणं, बाकी काही नाही. मृणालीने हे धामणकर नाक्याजवळच्या तिच्या शाळेत सातवीच्या पोरांना इतक्या वेळा सांगितलं होतं, की मागच्या बाकावरची पोरं तिच्या आधी वाक्य पुरं करायची. दिवाळीच्या सुट्टीआधी तिने पुन्हा एकदा सगळ्यांकडून घोकून घेतलं. उघड्या डोळ्यांनी बघायचं नाही. काजळी धरलेली काच नको, एक्सरेची फिल्म नको, परातीतलं पाणीही नको. ग्रहणाचा खास चष्मा मिळाला तर उत्तम. नाहीतर पुठ्ठ्याला टाचणीने भोक पाडा, सूर्याकडे पाठ करा आणि भोकातून आलेला कवडसा दुसऱ्या पांढऱ्या पुठ्ठ्यावर घ्या. तो कवडसा म्हणजे सूर्याचं चित्रच असतं, फक्त उलटं, कारण वरून आलेला किरण भोकातून खाली जातो आणि खालचा वर.

एवढं ज्ञान वाटून ती शेअर रिक्षात बसून अंजूरला घरी आली, आणि तिथे त्या ज्ञानाला काळं कुत्रंही विचारत नव्हतं. घरी सासू होती आणि मृणालीला सातवा महिना होता.

"गिरान लागंल तवा तू आंधारात निजायचं," जानकीबाई कोळंबी सोलता सोलता म्हणाल्या. "सरल निजायचं. हात न्हाय दुमडायचा, पाय न्हाय दुमडायचा."

"आई, मी त्या दिवशी शाळेच्या गच्चीवर मुलांना ग्रहण दाखवणार आहे. तयारी झालीये सगळी."

जानकीबाई हसल्या. त्या तोंड टाकणाऱ्यांतल्या नव्हत्या. त्यांचं बोलणं गोड असायचं, आवाज कधी चढायचा नाही, आणि शेवटी व्हायचं त्यांच्याच मनासारखं. मृणाली कल्याणची, शिकलेली, फटकळ. सासूशी भांडायला ती एका पायावर तयार असायची, पण समोरून भांडण मिळेल तर ना. त्या संध्याकाळी कोळंबीचं कालवण नेहमीपेक्षा चांगलं झालं होतं आणि जानकीबाईंनी सुनेला दोनदा आग्रहाने वाढलं.

मृणालीचा नवरा मनोज नेहमीप्रमाणे दोन्ही डगरींवर हात ठेवून होता. बापजाद्यांच्या भातशेतीवर त्याने गोडाऊनं बांधली होती, भाडं घ्यायचं आणि आईला दुखवायचं नाही, हे त्याचे दोन उद्योग. रात्री तो मृणालीला एवढंच म्हणाला, "बघू या गं. काहीतरी मार्ग निघेल."

२

मार्ग निघाला, आणि तो मनोजनेच काढला.

लक्ष्मीपूजनाच्या दुसऱ्या दिवशी दुपारी दिवाळीला घेतलेला पिवळा ड्रेस घालून ती पुठ्ठे पिशवीत भरून निघायच्या तयारीत होती. तो दारात येऊन उभा राहिला. चेहरा लहान पोरासारखा खुललेला. "निघायच्या आधी एक गंमत बघ. तुझ्यासाठी केलीये."

अंगणाच्या टोकाला त्यांचा जुना लूमचा कारखाना होता. लूम कधीच भंगारात गेले होते. कोपऱ्यातली सूत ठेवायची खोली तेवढी धड राहिली होती: जाड भिंती, खिडकी नाही, एकच दार, तेही पश्चिमेला, खाडीकडे तोंड करून. मनोजने दार उघडून दाखवलं. मागच्या भिंतीला नवीन चुना मारलेला. पत्र्याच्या फटींत चिंध्या कोंबलेल्या. दाराच्या फळीला, बरोबर डोळ्यांच्या उंचीवर, ड्रिलने पाडलेलं स्वच्छ गोल भोक.

"तूच म्हणतेस ना, जितका अंधार जास्त तितकं चित्र चांगलं येतं? अख्खी खोलीच तुझा पुठ्ठा. तू बघून घे, जमलं तर शाळेतल्या पोरांनापण इथेच घेऊन येऊ."

मृणालीच्या डोळ्यांत पाणी आलं. लग्न झाल्यापासून त्याने तिच्यासाठी स्वतःच्या हाताने केलेली ही पहिली गोष्ट होती. आपलं बोलणं हा माणूस ऐकत होता तर! ती पिशवी घेऊन लगबगीने आत गेली.

"दार लाव. उजेड येतोय," तिनेच सांगितलं.

त्याने दार लावलं. हळूहळू डोळे अंधाराला सरावले आणि मागच्या भिंतीवर अंगण उमटलं. रंगांसकट. वर छताकडे जमीन, खाली आभाळ. शेवग्याचं झाड बुंधा वर करून लटकत होतं, त्याच्याजवळ लाल प्लास्टिकची खुर्ची पाय वर करून टांगलेली. पार खाली, जमिनीपासून हातभर उंचीवर, सूर्याचा कवडसा, रुपयापेक्षा थोडा मोठा. मृणाली टाळ्या पिटायचीच बाकी होती.

बाहेरून कडीचा आवाज आला. वारा असेल, दार उघडू नये म्हणून लावली असेल. तिने तसं मनाशी म्हटलंही. मग कुलपाचा खटका ऐकू आला.

३

"मनोज?"

"थोडा वेळ गं. सूर्य बुडेपर्यंतच. आई जेवत नव्हती दोन दिवस, काय करणार मी?" आवाज दाराला लागूनच होता आणि त्यात शरम होती, पण कुलूप काढण्याइतकी नव्हती.

फोन घरात चार्जिंगला राहिला होता. तिने दार बडवलं. त्याला नको नको ते बोलली. बाहेर लाल खुर्ची सरकल्याचा आवाज झाला आणि जानकीबाईंचा गोड स्वर आला. "चटई आंथरलीय बग भिंतीशी. वर निज. लेकराच्या अंगावर खूण नको उठायला."

चटई खरंच होती. मागच्या भिंतीला लागून, नवी कोरी, उशाशी पाण्याचा तांब्या. म्हणजे चुना, चिंध्या, ड्रिल, सगळं पिंजऱ्यातल्या खोबऱ्याच्या तुकड्यासारखं होतं आणि ती त्याला भुलून आत शिरली होती. तिच्याच धड्याने तिला गोत्यात आणलं. पोटातलं बाळ सारखं ढुशा मारत होतं. त्याच्यासाठी तरी शांत व्हायला हवं म्हणून ती भोकाच्या बाजूला दाराला पाठ टेकून उभी राहिली आणि दीर्घ श्वास घेत भिंतीवरचं चित्र बघू लागली. कोंडलंच आहे तर ग्रहण तरी बघू. निजणार मात्र नाही. तेवढं त्या बाईच्या मनासारखं होऊ द्यायचं नाही.

ग्रहण लागलं. कवडशाच्या कडेला अगदी बारीक खाच पडली, मग मोठी झाली, चावा घेतलेल्या भाकरीसारखी. बाहेर सूर्य खाली उतरत होता, म्हणून भिंतीवर कवडसा वर चढत होता. लाल खुर्चीत उलट्या जानकीबाई बसल्या होत्या, दाराकडे बघत. उलटा मनोज छताला पाय लावून येरझाऱ्या घालत होता. राग असूनही मृणालीला हसू आलं.

शेवग्याच्या बाजूला भागी उभी होती. भागी पलीकडच्या पाड्यावरची, झाडलोट करायला यायची. मृणालीला जरा धीर आला. भागीला हाक मारली तर ती निदान शेजारीपाजारी बोलेल तरी. तिने हाक मारायला तोंड उघडलं आणि आठवलं, भागी दिवाळीला पाड्यावर गेली आहे, भाऊबीज झाल्याशिवाय येणार नाही.

मग ही कोण? मृणालीने निरखून पाहिलं. शेलाटी बाई होती, साडी कमरेला घट्ट खोचलेली. हात दोन्ही बाजूंना सरळ सोडलेले. तिच्यात काहीतरी चुकत होतं, पण काय ते पटकन लक्षात येईना. परीक्षेच्या पेपरात एखादं उत्तर दिसायला बरोबर वाटतं, पण कुठेतरी चुकलेलं असतं, तसं.

शेवगा उलटा होता. खुर्ची उलटी होती. नवरा, सासू, खाडीची झाडी, सगळं उलटं होतं.

ती बाई सुलट होती. तिचे पाय जमिनीवर टेकलेले होते.

४

मृणाली विज्ञानाची शिक्षिका होती, आणि घाबरलेल्या माणसाला विज्ञान जे देतं ते तिने घट्ट पकडलं: एक एक शक्यता तपासायची. चुन्याचा डाग असेल. दमट भिंतीला ओल आली असेल. दमलेली, संतापलेली, सात महिन्यांची बाई अंधारात काय वाटेल ते बघेल. डोळे चोळून पाहिले. बाई तिथेच.

मग तिने पिशवीतून पांढरा पुठ्ठा काढला. तो तिने भोकासमोर हातभर अंतरावर नीट धरला. भोकातून येणारं सगळं आता पुठ्ठ्यावर पडलं. छोटंसं उलटं अंगण, छोटी लाल खुर्ची, छोटी सासू, दाण्याएवढा चावा घेतलेला सूर्य. शेवगाही आला.

बाई नव्हती.

तिने पुठ्ठा बाजूला केला. चित्र पुन्हा भिंतीवर गेलं. बाई होती.

हा प्रयोग तिने पुन्हा केला, कारण प्रयोग एकदाच करून निष्कर्ष काढू नये असं ती पोरांना शिकवायची. दुसऱ्यांदाही तेच. याचा अर्थ एवढाच होता की ती बाई भोकातून येत नव्हती. बाहेर अंगणात कुणी बाई उभी नव्हती. आता नीट बघितल्यावर दिसलं की आभाळाचा उजेड भिंतीवर जसा सपाट पडला होता तसा बाईवर पडलेला नव्हता. तिच्या साडीच्या निऱ्यांत तो मोडत होता. शेवग्याची एक फांदी तिच्या खांद्यावरून वाकडी होऊन गेली होती.

उजेड तिच्या अंगावर पडत होता. ती खोलीत उभी होती, भिंतीला पाठ लावून, चटईच्या पलीकडच्या टोकाशी.

ओरडावं असं वाटलं, पण ओरडल्यावर ती बाई हलली तर? कवडसा आता बाईच्या गुडघ्यांवर आला होता. तो वर चढत होता, सावकाश आणि अजिबात न थांबता. तिचं तोंड मात्र दिसत नव्हतं. तिथे चित्रातली जमीन आली होती, झाडाच्या सावल्या आल्या होत्या, आणि त्या काळोखात नुसता डोक्याचा आकार होता. सूर्य बुडायच्या क्षणी कवडसा तिच्या तोंडावर येईल, हा हिशेब मृणालीच्या डोक्याने तिला न विचारताच करून टाकला.

५

"आई," ती भोकाला तोंड लावून कुजबुजली. तिच्या तोंडाने भोक झाकलं, खोली काळी झाली, आणि ती झटकन बाजूला झाली. पाठीमागचा अंधार तिला क्षणभरही परवडणार नव्हता. ती दाराच्या फटीशी वाकून बोलू लागली. "आई, आत कोणीतरी आहे."

तिला वाटलं, हसतील. बहाणे करते म्हणतील.

"उबी हाय का निजलेली?" जानकीबाईंनी विचारलं.

सासूच्या आवाजात नवल नव्हतं. आल्यागेल्याची चौकशी करावी तसं विचारलं होतं.

"उभी आहे. दार उघडा. आई, पाया पडते तुमच्या."

"आई, उघडू या ना," मनोज म्हणाला. तो रडवेला झाला होता. "तू बोललेलीस नुसतं निजायचं असतं. आत कोण आहे?"

"तू गप बस. तुज्या येलेला मी पन याच खोलीत व्हते. आशीच दिवाली व्हती, आसंच गिरान. तुज्या बापानं कडी लावलेली." मग त्या पुन्हा दाराकडे वळून बोलल्या, मायेने. "घाबरू नको गो. आत गेलेली जानकी लय तोंडाल व्हती, सासूला उलटून बोलायची, आसं लोक म्हनतान. मना न्हाय आठवत. मना भायेर आल्यापासूनचा आठवतंय."

ही बाई काय बोलते आहे हे मृणालीने समजून घेतलं नाही. समजून घ्यायला ती तयारच नव्हती. ग्रहण सुटणार कधी, एवढंच तिने विचारलं.

"आज न्हाय सुटत ते. लागलेलाच बुडनार. सुटलेला सूर्य सकाली बगायचा, मंग दार."

अख्खी रात्र. या खोलीत, उजेड गेल्यावर, त्या बाईबरोबर. मृणालीचं पोट दगडासारखं घट्ट झालं. हे चांगलं लक्षण नव्हतं. डॉक्टरीणबाईंनी बजावलं होतं, असं झालं तर ताबडतोब या. ती ते ओरडून सांगू लागली. बाळाला काही झालं तर तुम्ही जबाबदार, मनोज, ऐकतोयस का, तुझं बाळ आहे. मनोज आईचे पाय धरत होता हे भिंतीवर दिसत होतं. उलटा मनोज, उलट्या आईच्या पायाशी.

"बरं," जानकीबाई शेवटी म्हणाल्या. "लेकरासाठी उगडतंय. पन रीत पुरी कर. चटईवर निज, सरल. मनोज भोकातनं बगंल. तू निजलेली दिसलीस का काडतंय कुलूप."

"आधी उघडा."

"मंग ऱ्हा सकालपावत."

कवडसा बाईच्या कमरेवर पोचला होता. पोट सपाट होतं तिचं. कवडशाचा उजेड तिथे थोडा वर-खाली होत होता, श्वास घेणाऱ्या माणसाच्या अंगावर होतो तसा.

६

बाळासाठी माणूस काय करत नाही! मृणाली चटईकडे गेली. बाईच्या पायांकडे न बघता, भिंतीचा आधार घेत ती आधी गुडघ्यांवर बसली, मग हातावर रेलली, कुशीवर झाली आणि कशीबशी पाठीवर वळली. गेले काही दिवस एवढं करायलाही तिला मनोजचा हात लागायचा. तिने पाय सरळ केले, हात दोन्ही बाजूंना सोडले. उशाशी कुणीतरी उभं होतं. तिला त्याच्याकडे खालून बघायचं नव्हतं, म्हणून तिने नजर दारावरच्या भोकावर खिळवली. नारिंगी उजेडाची एक बारीक काडी तिच्या डोक्यावरून मागे जात होती.

"निजले," ती म्हणाली. "मनोज, बघ लवकर."

पावलं वाजली. मनोजने भोकाला डोळा लावला आणि खोली पूर्ण काळी झाली.

त्याचा श्वास तेवढा फळीवर ऐकू येत होता, आधी नेहमीसारखा, मग भराभर.

"मृणाली?" त्याने हाक मारली.

तिने तोंड उघडलं, पण उत्तर तिच्या वरून आलं. तिच्याच आवाजात. "हाय ना. आई, उगडा. तुमी सांगाल तसाच करन."

"नाही! मनोज, ती मी नाही!" मृणाली किंचाळली.

"आई, आत दोन..." मनोज म्हणाला.

"ऐकलास ना, कशी शान्यासारखी बोलली?" जानकीबाईंच्या हातात कुलूप वाजलं. "ती माजी सून."

चटई मृणालीच्या डोक्याशी दबली, मग खांद्याशी, मग कुणीतरी तिला ओलांडलं. साडीचा काठ तिच्या पोटावरून ओढला गेला, गार, ओल्या सुताच्या वासाचा. तो काठ संपता संपेना. दार उघडलं आणि संध्याकाळचा उजेड आत आला, त्यात पाठमोरी बाई दिसली. अंगावर मृणालीचा पिवळा ड्रेस, केसांत मृणालीचीच क्लिप. एक हात कमरेवर टेकून, पाय जरा फाकून, जड जड चालत ती उंबरठा ओलांडून गेली. दार लागलं. कडी, कुलूप.

मृणाली उठून दाराकडे धावली. भोकाला डोळा लावला तेव्हा समोर खाडीवर टेकलेला, चावा घेतलेला सूर्य होता आणि तो थेट डोळ्यात घुसला. जिकडे बघावं तिकडे मधोमध हिरवा डाग. त्या डागाच्या कडांना तिला दिसलं, तिघं घराकडे चालली होती. मनोजने मधल्या बाईला दंडाला धरलं होतं. त्याने एकदा वळून खोलीकडे पाहिलं. ती बाईही वळली, पण डाग नेमका तिच्या तोंडावर आला.

"मनोज! मी इथे आहे! मनोज!"

तो थांबला. जानकीबाईंनी त्याच्या पाठीवर हात ठेवला आणि तो पुन्हा चालू लागला.

"हलू पाय टाक गो," जानकीबाई सुनेला सांगत होत्या. "सातवा महिना हाय. पोटाला जप."

मृणालीने दार बडवायला दोन्ही मुठी उचलल्या आणि तशीच थांबली. आपण चटईवरून उठलो कसे, हे तिला आता आठवलं. ती कुशीवर वळली नव्हती. भिंतीला हात लावला नव्हता. ताडकन उठून ती धावत आली होती, आणि आता दाराच्या फळीला सगळ्या अंगाने चिकटून उभी होती, छातीपासून गुडघ्यांपर्यंत, मध्ये काही न येता.

बाहेर सूर्य गेला. मुठी हवेत तशाच धरून ती उभी राहिली. हात खाली आणून पोटावर ठेवायचा तिला धीर होत नव्हता.